लोखंडाचा मोर पुरे

टाकाऊतून शिल्प करायचं ठरलं की आपल्या महापालिकांना लोखंडच दिसतं. सायकलच्या चेन, गिअर, नटबोल्ट, जुने पत्रे. वेल्डिंग झालं की चौकात मोर उभा, खाली ‘पर्यावरण जागृती’चा फलक. मोर देखणा असतो आणि वेल्डिंग करणाऱ्याच्या हातात कसब असतं, हे मान्य. पण लोखंड हा कचरा नाहीच! भंगारवाला ते दारात येऊन, काट्यावर तोलून, रोख पैसे मोजून नेतो. पुढे ते भट्टीत वितळतं आणि नवी सळई होऊन बांधकामावर येतं. त्याच्यासाठी कुणालाही जागं करायची गरज नाही.

दिल्लीत सराय काले खाँजवळ २०१९ मध्ये ‘वेस्ट टू वंडर’ बाग उघडली. सुमारे १५० टन भंगारातून ताजमहाल, आयफेल टॉवर, पिसाचा मनोरा अशी जगातली सात आश्चर्यं तिथे उभी केली. त्याच दिल्लीत गाझीपूरचा कचरा डेपो २००२ मध्येच भरला होता. तरी त्यावर गाड्या रित्या होत राहिल्या आणि २०१७ मध्ये त्या डोंगराचा एक भाग कोसळून दोन जीव गेले. अशा डोंगरात लोखंड फारसं उरतच नाही, कचरावेचकांनी ते आधीच वेचलेलं असतं. उरतात वेफरची चकचकीत पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, थर्माकोल. पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवण्याचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. खरा कचरा हा.

नेकचंद सैनींना हे पन्नासच्या दशकातच उमगलं होतं. चंदीगडमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक असलेला हा माणूस सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलात, सरकारचा डोळा चुकवून, वर्षानुवर्षं शिल्पं घडवत राहिला. नवं शहर वसवायला जी गावं उठवली, त्यांच्या पाडापाडीतलं सामान त्यांनी गोळा केलं: फुटक्या कपबश्या, बेसिनच्या खापऱ्या, फरशीचे तुकडे. चिनीमाती एकदा भाजली की तिची पुन्हा माती होत नाही, भंगारवालाही तिला हात लावत नाही. नेकचंदांनी तीच ओल्या सिमेंटमध्ये एकेक तुकडा दाबून बसवली. त्यातून उभ्या राहिलेल्या रॉक गार्डनमधल्या बायकांच्या काही पुतळ्यांचा पेहराव तर नुसत्या फुटक्या बांगड्यांचा आहे. जवळ गेलं की काठ न् काठ वेगळा दिसतो आणि या कुणाच्या हातातल्या असतील, हा विचार आल्याशिवाय राहत नाही. कुठलाही फलक न वाचता! सरकारला पत्ता लागला तेव्हा अतिक्रमण म्हणून ते पाडता आलं असतं, पण १९७६ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं, हे चंदीगडचं भाग्य.

तेव्हा पुढच्या निविदेत लोखंड वर्ज्य करा. सुक्या कचऱ्याच्या केंद्रावर जे विकलं जात नाही, तेवढ्यातूनच शिल्प करा. कुरूप झालं तर होऊ द्या. आणि पाकिटांवर रंग मारू नका. प्लास्टिक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी प्लास्टिकचं वेष्टन परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून कंपन्यांची नावं बाहेरच्या बाजूला, रस्त्यावरून वाचता येतील अशी ठेवा.