आठ कोअर, एकेरी लाइन

झरीत रेल्वे नाही. परभणी-जिंतूर रस्त्यावरचं गाव. रूळ बघायचे तर परभणी जंक्शन गाठायचं. म्हणून गावातल्या एका पोरानं घरातच संगणकावर इंजिन हाकायचं ठरवलं. सोयाबीनची पट्टी हातात पडली तसे बाप-लेक परभणीला दुकानात. दुकानदारानं आठ कोअरचा प्रोसेसर, तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड आणि सात रंगांत लुकलुकणारी कॅबिनेट गळ्यात मारली.

आता जुन्या ट्रेन सिम्युलेटरांचा बहुतेक भार पडतो एकाच कोअरवर. उरलेले सात क्रॉसिंगला उभ्या केलेल्या पॅसेंजरसारखे सिग्नलची वाट बघत बसतात. वर्षानुवर्षं एकेरी मार्गावर खोळंबलेल्या मराठवाड्याला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये. कोअर मोजण्यापेक्षा एक कोअर किती चपळ ते बघायचं असतं. ‘ओपन रेल्स’ हा सिम्युलेटर तर फुकट मिळतो आणि बेताच्या संगणकावरही पळतो. पण फुकटाचं सांगून दुकानाचं भाडं निघतं होय?

यूपीएसचा विषय कुणी काढलाच नाही. परवा गाडी आउटरला आली आणि लाइट गेली. पोरगं चरफडलं. बाप शांतपणे म्हणाला, “खरी गाडी बी तिथंच थांबती की.”