आलं की कळवतो

विमाने, रणगाडे, जहाजे आणि आगगाड्या यांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती विकणारा दुकानदार किरकोळ व्यापाऱ्यांच्या कोणत्याही रूढ वर्गात नीट बसत नाही. कारण वाणी, कापडवाला किंवा भांडीवाला आपल्याकडे जे आहे ते विकतो, तर हा मुख्यतः आपल्याकडे जे नाही त्याविषयी बोलतो. पुण्याच्या पेठेत, एखाद्या जुन्या इमारतीच्या जिन्याखालच्या गाळ्यात आढळणारा या जातीचा नमुना त्या शहराच्या व्यापारी परंपरेलाही छेद देतो. ज्या गावात 'नाही' एवढे एकच उत्तर गिऱ्हाइकाच्या सर्व शंकांना पुरेसे मानले जाते, तेथे हा गृहस्थ का नाही, कधीपासून नाही, खुद्द जपानातही कसे नाही, आणि असते तरी गिऱ्हाइकाने ते का घेऊ नये, एवढे सांगितल्यावाचून थांबत नाही. लहानथोर सारे त्याला 'काका' म्हणतात. त्यांत त्याच्याहून दहा वर्षांनी वडील असलेले निवृत्त बँक अधिकारीही आले.

नव्या गिऱ्हाइकाला पहिला पाठ मापाचा मिळतो आणि तो ऐकल्याखेरीज डब्याला हात लावता येत नाही. मूळ वस्तूच्या बहात्तर इंचांचा प्रतिकृतीत एक इंच होतो, ते १:७२ हे प्रमाण. म्हणजे सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा. पाव इंचाला एक फूट धरले की १:४८ येते. येथवर हिशेब सरळ आहे, परंतु रणगाड्यांचे १:३५ हे प्रमाण कोणत्या गणितातून आले, असे कोणी विचारलेच, तर काकांचा चेहरा उजळतो. शिझुओका येथील तामिया कंपनीने १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा त्याच्या पोटात दोन बॅटऱ्या मावतील एवढे त्याचे आकारमान ठेवले, आणि पुढे मोजून पाहिले तेव्हा ते मुळाच्या सुमारे पस्तिसाव्या भागाएवढे भरले. जगभरच्या रणगाड्यांची मापे अशी बॅटरीच्या जाडीवरून ठरली, हे सांगताना काकांना जो आनंद होतो, तो रणगाडा विकून होत नाही. आगगाडीवाल्या गिऱ्हाइकाला याहून कटू सत्य पचवावे लागते. १:८७ या प्रमाणाच्या गाड्या १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावतात, तर आपला १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज त्याच हिशेबाने एकोणीस मिलिमीटरांच्या वर जातो. त्यामुळे १ जून १९३० पासून धावणारी दख्खनची राणी कोणी हौसेने घडवलीच, तर तिला परक्या, अरुंद रुळांवर अंग चोरून उभे राहावे लागते.

काकांच्या व्यवसायाचा खरा आधारस्तंभ म्हणजे गल्ल्याशेजारची लांब वही. कोण कशाची वाट पाहतो आहे, याची ती नोंद असून तिच्यात खोडलेल्या ओळींपेक्षा न खोडलेल्या ओळी फार जास्त आहेत. प्रत्येक नोंदीनंतर काका "आलं की कळवतो" असे म्हणतात, आणि येथेच इतर दुकानदारांशी असलेला त्यांचा मूलभूत फरक उघड होतो, कारण ते खरोखरच कळवतात. एके काळी पोस्टकार्डाने, मग घरच्या फोनवर, आणि हल्ली मोबाइलवरून 'कळविण्यास आनंद होतो की' अशा लग्नपत्रिकेच्या थाटात. कारखान्याने नवा नमुना जाहीर केला, कळवले. साचा दुरुस्तीसाठी परत गेला, कळवले. माल बोटीवर चढला, बोट न्हावा-शेवाला लागली, माल कस्टममध्ये अडकला, तेही कळवले. रंगांच्या बाबतीत तर हे कळवणे पुराणासारखे लांबते, कारण इनॅमल रंग ज्वालाग्राही असल्यामुळे विमानाच्या टपालातून त्यांना मज्जाव असतो; परिणामी छोटे विमान आकाशमार्गे येते, त्याला लावायचा रंग मात्र समुद्रावरून डुलत डुलत, दोन-अडीच महिन्यांनी उगवतो.

कस्टम हा काकांच्या आयुष्यातील तात्त्विक संघर्षाचा विषय आहे. प्रतिकृती म्हणजे खेळणे नव्हे, ही त्यांची श्रद्धा. परंतु आयात शुल्काच्या तक्त्यात ९५०३ या एकाच शीर्षकाखाली तीनचाकी सायकली, बाहुल्या, कोडी आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती अशी सगळी मंडळी एकत्र नांदतात, आणि त्या शीर्षकाखालच्या खेळण्यांवरचे मूळ शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले, तेव्हापासून डब्यावरचा '१४ वर्षे व त्यापुढील' हा बारीक मजकूर काका आलेल्या प्रत्येकाला बोट ठेवून वाचून दाखवतात. सरकारच्या मते ते खेळणे, काकांच्या मते तो अभ्यास. आणि काकूंना या वादात कोणी विचारलेले नाही, तरी त्यांचे मत सर्वांना माहीत आहे.

गिऱ्हाइकांत दोन पोटजाती ठळक दिसतात. पहिली दोष काढणाऱ्यांची. या पंथाचा माणूस भिंग घेऊन पंखावरचे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, मोजतो आणि तीन कमी भरल्याचे सांगतो. काका त्याला १९५३ साली आलेल्या एअरफिक्सच्या पहिल्या स्पिटफायरचा दाखला देतात, ज्याच्या अंगावरची ओळखाक्षरेच चुकली होती, तरीही तो हातोहात खपला. त्यावर तो माणूस चुकलेली अक्षरे असलेला तो मूळ डबा मिळेल का, असे विचारतो, आणि वहीत एक ओळ वाढते.

दुसरी पोटजात साठवणाऱ्यांची असून संख्येने तीच मोठी आहे. हे लोक किट घेतात, डबा उघडतात आणि आतली प्लॅस्टिकची चौकट, जिला धंद्यात स्प्रू म्हणतात, उजेडात धरतात. कैऱ्यांच्या घोसासारखे तिला लगडलेले सारे भाग क्रमांकानिशी जागच्या जागी आहेत, याची खात्री झाली की चौकट परत पिशवीत आणि डबा माळ्यावर जातो. विमान जोडले, की ते एकच विमान उरते. न जोडलेले कोणत्याही तुकडीचे, कोणत्याही रंगाचे होऊ शकते, हा त्यांचा युक्तिवाद ऐकायला निर्दोष आहे. पावसाळ्यामागून पावसाळे गेले की डब्यातली डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे, पिवळी पडतात. तीही खिडकीच्या काचेला उन्हात डकवून ठेवली तर पुन्हा पांढरी होतात, ही युक्ती काका फुकट सांगतात. पुण्यातल्या काही प्रतिष्ठित दिवाणखान्यांच्या खिडक्यांना परदेशी हवाई दलांची चिन्हे लावलेली दिसतात, त्याचे कारण एवढेच.

यातून एक विचित्र व्यापारी सत्य बाहेर येते. "बोट लागली" असे कळवले की दुकानात गर्दी होते, चहा मागवला जातो, कस्टमला सामुदायिक शिव्या दिल्या जातात. आणि "आले" असे कळवले की चार दिवस कोणी फिरकत नाही. वाट पाहण्याचा विषय संपल्यामुळे त्या घरांत सुतक लागल्यासारखे होत असावे. काकाही त्या दिवशी खिन्नच असतात.

साठवणाऱ्यांच्या बाबतीत कळवण्याच्या कलेत गुप्ततेची भर पडते, कारण त्यांतील बहुतेकांची अट असते की घरी कळता कामा नये. अशा सभासदांसाठी काकांनी सांकेतिक भाषा योजली आहे: विमान आले की "संधिवाताचे औषध आले", जहाज आले की "पोटाचे". ही पद्धत वर्षानुवर्षे बिनबोभाट चालली, आणि तिच्यातला दोष फक्त एकदाच, एका श्रावणी सोमवारी उघडा पडला, जेव्हा संधिवाताच्या एका जुन्या रुग्णाची पत्नी, ह्यांना जिना उतरवत नाही म्हणून, स्वतःच औषध न्यायला आली. सारे काही सांगण्याची सवय असलेल्या काकांना प्रथमच सांगायला काही सुचेना. त्यांनी हातभर लांबीचा खोका तपकिरी कागदात बांधला आणि घोगऱ्या आवाजात एवढेच म्हणाले, "वहिनी, हे पोटात घ्यायचे नाही."

बाईंनी खोका हातावर तोलून पाहिला, कानाशी नेऊन एकदा हलवला, आणि तो तसाच काउंटरवर ठेवला. "याच आजारावरचे सत्तावीस डबे माळ्यावर पडलेत," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते संपले की कळवते."