माझा ब्लॅकचा धंदा

लहानपणी अमरावतीच्या चित्रा टॉकीजबाहेर तोंड न हलवता भाव पुटपुटणारा ब्लॅकवाला मला पडद्यावरच्या हिरोपेक्षा हुशार वाटायचा. पन्नाशीत ती हौस फिटायचा योग आला: ६ फेब्रुवारी २०२५, जामठ्याला भारत-इंग्लंड वनडे. हवी होती दोन तिकिटं, काढली चार. दोन दुप्पट भावात विकली की आपली फुकट!

"रद्दीवाला तरी पटते का तुम्हाला?" बायको म्हणाली.

साळा अकोल्याला वकील. मॅचला तोच सोबत येणार होता. फोनवर विचारलं, हे कायद्यात बसते का रे?

"रेल्वेच्या तिकिटाचा धंदा असता भाऊजी, तं कलम १४३. तीन वर्षं, नाहीतर दहा हजार दंड, नाहीतर दोन्ही. ई-तिकिटालेही लागू, असं ९ जानेवारीले सुप्रीम कोर्टानं सांगतलं."

"अन् मॅचचं?"

"दुसऱ्याच दिवशी मुंबई हायकोर्टानं कोल्डप्लेच्या तिकिटांच्या काळ्याबाजारावरची जनहित याचिका फेटाळली. कायदा करनं सरकारचं काम म्हने. पन याचा अर्थ..."

मला 'फेटाळली' एवढंच ऐकायचं होतं. फोन ठेवला.

दीडशे किलोमीटर गाडी हाकून जामठ्याला गेलो. साळ्याला आत पिटाळलं आणि गेटजवळ उभा राहिलो. पुटपुटणं वाटतं तितकं सोपं नाही. "एक्स्ट्रा?" असं एकाच्या कानाशी म्हणालो, तर तो म्हणाला, "नाही काका, माझ्याजवळ एकच आहे, तुम्ही दुसरीकडं पाहा." हवालदार दोनदा जवळून गेला. दोन्ही वेळा मी न विचारताच त्याला सांगितलं, की मुलाची वाट पाहतोय. मला मुलगीच आहे.

शेवटी १८ नंबरची जर्सी घातलेली दोन पोरं दीडपटीवर आली. पैसे मोजता मोजता एकाचा फोन वाजला. टॉस झाला होता.

"काका, कोहली खेळून नाही रायला. गुडघा दुखते म्हने."

त्याचा गुडघा आणि माझा भाव एकदमच बसला. दीडपटीवरून छापील किमतीवर आलो, तिथून निम्म्यावर.

आत गेल्यावर ध्यानात आलं की चारही तिकिटं एकदमच काढली होती, म्हणजे खुर्च्याही लागून. पोरं शेजारीच. गिलच्या ८७ धावा होईस्तोवर मागच्या दोन रांगांना कळलं होतं, की काकांनी तिकिटं अर्ध्यात देल्ली.

साळ्यानं शेंगदाण्याचा पुडा पुढं केला. "भाऊजी, घाबरू नका. तोट्यात विकाले कोनतंच कलम लागत नाही."