बिनट्रॅक्टरचे आबा

आबांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची वाटणी झाली तेव्हा घरात ट्रॅक्टर एक, ट्रॉली एक. पंचांनी रात्रभर चहा पिऊन तोडगा काढला. ट्रॅक्टर धाकट्याला, ट्रॉली थोरल्याला, आणि फरकापोटी थोरल्याला विहिरीकडच्या दोन सऱ्या जास्त. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं बंद आहे. ट्रॅक्टर बाराही महिने धावतो. ट्रॉली मात्र ऊस तुटायला लागला की चार-पाच महिने हलते, आणि उरलेले महिने आबा तिची सेवा करतात.

कारखान्याचा पट्टा पडला, की आबा पहिल्यांदा हौद्याच्या कोपऱ्यांत अडकलेलं पाचट खराट्याच्या काडीनं उकरून काढतात. पाचट ओल धरतं आणि पत्रा खातं. मग मृगाच्या आत ट्रॉली जॅकवर घेऊन धुऱ्याखाली दगड लावायचे, म्हणजे टायर एकाच जागी दबून बसत नाहीत. टायरांवर पोती, कारण उन्हानं रबराला चिरा जातात. पुढची दांडी ठोकळ्यावर चढवायची, मागचा फाळका सोडून द्यायचा. पडेल ते पाणी आपोआप मागं वाहून जातं. ह्याच काळात घराचं छप्पर दोन ठिकाणी गळत असतं. तिथं आबांनी पातेली मांडली आहेत.

दावणीला बैल होते तेव्हा बेंदराला त्यांची शिंगं रंगायची. आता बैल नाहीत, पण हाताला सवय राहिली आहे. पोरं मातीचे बैल पुजतात तेव्हा आबा तारेच्या ब्रशनं गंज खरवडून फाळक्याला रेड ऑक्साइडचा हात देतात. आक्कांनी त्यांना पुरणपोळीचा घास ट्रॉलीपुढं धरताना पाहिलंय, असं आक्का म्हणतात. आबा म्हणतात, मी मांजराला घालत होतो.

खरा सोहळा नवरात्रात. चार चाकं, दर हबात आतलं एक, बाहेरचं एक, अशी आठ बेरिंगं बाहेर येतात आणि डिझेलच्या घमेल्यात आंघोळीला बसतात. जुनं ग्रीस पुसायला आक्कांचं जुनं लुगडं. कधी कधी ते तितकंसं जुनं नसतं. मग तळहातावर नव्या ग्रीसचा गोळा घेऊन आबा बेरिंग त्यात दाबत राहतात, ग्रीस दुसऱ्या बाजूनं वर येईपर्यंत. नट आधी घट्ट आवळायचा, मग किंचित ढिला सोडायचा. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण हलवलं तर डुगडुगता कामा नये. हे एवढं ‘किंचित’ आबांना मनासारखं जमायला एक सकाळ जाते. आबांचे स्वतःचे गुडघे उठता-बसता वाजतात. डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हणतात, “ह्ये बंद बेरिंग हाय. हुगडायचं नस्तं.”

नटाच्या पिनेवरून त्यांनी एका पाहुण्याशी संबंध तोडलेत. वरातीला नेलेली ट्रॉली परत आली तेव्हा स्प्लिट पिनेच्या जागी खिळा वाकवून घातलेला होता. “लेकानं खिळा घातला! चाक सुटलं आस्तं तर नवरा-नवरी कुटं आस्ती?” लग्नातल्या त्या जोडप्याची मुलं आता कॉलेजात आहेत. आबा त्या गल्लीतून अजून जात नाहीत.

खंडेनवमीला हार घालून झाला, की शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून रस्त्यानं एक चक्कर. परत आल्यावर आबा खाली बसून हरएक हबला उपडा हात लावतात. कुठलं बेरिंग आवळलं गेलं असलं तर तो हब तापतो.

“ताप न्हाई,” आबा समाधानानं म्हणतात.

“मला परवा दोन दीस हुता,” उंबऱ्यातून आक्का म्हणतात. “तवा न्हाई कुणी हात लावला.”

शेवटी मागं लाल रिफ्लेक्टर. ह्यात मात्र आबांची चेष्टा करायला माझी जीभ रेटत नाही. अंधारात रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळल्याची बातमी आमच्याकडं हंगामात वाचावी लागतेच.

मग तोड येते. पहाटे धाकट्याचा ट्रॅक्टर दारात मागं घेत येतो. आबा दांडी धरून उभे. अबोला चालूच असतो, म्हणून ते ट्रॅक्टरशी बोलतात, “ये... ये... वाईच डावीकडं... बास.” धाकटा स्टिअरिंगला विचारतो, “पिन बसली का?”

“बसली,” आबा ट्रॉलीला सांगतात.

यंदा धाकटा खाली उतरला. पिनेची क्लिप ओढून पाहिली, मागं गेला, गुडघे वाजवत खाली बसला आणि हबला उपडा हात लावला. ट्रॉली अजून जागची हललीसुद्धा नव्हती.