किरकोळ गृहसाहित्याचा खर्च हिशेबाबाहेर राखण्याची शास्त्रोक्त पद्धती

व्याख्या आणि व्याप्ती

जे विकत घेताना घरात चर्चा होत नाही, पण ठेवायला जागा शोधताना हटकून होते, त्या साहित्यास किरकोळ गृहसाहित्य म्हणावे. सोऱ्या, किसणी, मोदकाचा साचा, घडीची शिडी, एक्स्टेन्शन बोर्ड, ड्रिल मशीन आणि मिक्सरचे तिसरे भांडे ही त्याची प्रमाण उदाहरणे होत. फ्रिज या वर्गात मोडत नाही, कारण त्याचा हप्ता पडतो आणि हप्ता पडणारी वस्तू लपत नाही. उत्पन्न वाढते तसे अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटते, असा नियम अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 मध्ये मांडला. त्याला अनुसरून भारतातील शहरी कुटुंबांच्या खर्चातील अन्नाचा वाटा 1999-2000 मधील सुमारे 48 टक्क्यांवरून 2022-23 मध्ये सुमारे 39 टक्क्यांवर आला. उरलेला पैसा अनेक वाटांनी जातो, आणि त्यांपैकी एक वाट माळ्यावर संपते. ती वाट कोणालाही, विशेषतः घरातल्यांना, दिसू नये यासाठी पुढील पायऱ्या सांगितल्या आहेत.

पायरी 1 : खर्चाची विभागणी

या कामी सरकारी वर्गीकरण आदर्श मानावे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 68 व्या फेरीत (2011-12) शेगडी, प्रेशर कुकर आणि भांडी टिकाऊ वस्तूंत गणली गेली, तर शेगडी पेटवणारा लायटर मात्र छत्री, कुलूप, टॉर्च आणि चष्मा यांच्या पंक्तीला, म्हणजे टिकाऊसदृश छोट्या वस्तूंत, जाऊन बसला. 2022-23 च्या सर्वेक्षणात शहरी भागातील दरडोई मासिक खर्च 6,459 रुपये आढळला व त्यात टिकाऊ वस्तूंचा वाटा 7.17 टक्के, म्हणजे साधारण 463 रुपये, भरला. पण याच रकमेत दुचाकी आणि टीव्हीही सामावलेले असल्याने सोऱ्याच्या वाट्याला काय आले, हे त्यावरून कळत नाही. कुटुंबानेही हाच कित्ता गिरवावा. किसणी भाजीच्या पैशांत, सोऱ्या दिवाळीच्या खर्चात, ड्रिल घराच्या डागडुजीत आणि एक्स्टेन्शन बोर्ड मुलांच्या शिक्षणात घातल्यास, चारही वह्या चोख राहून किरकोळ साहित्याच्या नावापुढे निष्कलंक शून्य उरते.

पायरी 2 : पैशाविना संपादन

ज्या व्यवहारात रोकड हलत नाही तो खर्च नव्हे, हे तत्त्व मराठी घरांत फार पूर्वीपासून मान्य आहे. बोहारीण, म्हणजे जुने कपडे घेऊन त्यांच्या मोबदल्यात भांडी देणारी फिरती विक्रेती, ही या तत्त्वाचा मुख्य आधारस्तंभ होय. ती शर्टाची कॉलर उलटून पाहते, साडी उजेडात धरून विरलेली जागा शोधते आणि तीन साड्या व दोन पँटींवर एक पातेले देऊ करते. त्यावर झाकणाचा आग्रह धरला जातो आणि झाकणापायी एक धडका स्वेटरही गाठोड्यात जातो. साड्यांची मूळ किंमत काही हजार असली तरी पातेले फुकट पडले, असेच घरात सांगावे. याच जातीचा दुसरा मार्ग मोडीचा आहे. त्यात जुने तांबे-पितळ वजनावर दुकानदारास देतात, तो घट कापून उरलेली रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वळती करतो आणि घरी केवळ वरचे पैसे सांगितले जातात. तिसरा मार्ग वाणाचा, म्हणजे संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवात लुटल्या जाणाऱ्या वस्तूंचा. त्यात एका घरातून पंचवीस गाळण्या बाहेर पडतात आणि तितक्याच प्लॅस्टिकच्या डब्या आत येतात, म्हणून दोन्ही बाजू फिटल्या असे समजावे. स्टीलच्या भांड्यावर नाव घालण्याची प्रथा येथे मोठी सहायक ठरते, कारण त्यावर देणाऱ्याचे नाव, प्रसंग आणि तारीख कोरलेली असते, किंमत नसते.

पायरी 3 : प्रतिवापर खर्चाची उपेक्षा

वस्तूची किंमत भागिले ती प्रत्यक्ष वापरल्याच्या खेपा, यास प्रतिवापर खर्च म्हणतात, आणि तो काढणे कटाक्षाने टाळावे. समजा, 2,400 रुपयांच्या ड्रिलने पडद्यांच्या दांड्या, एक घड्याळ आणि देवघराची फळी यांसाठी मिळून बारा भोके पाडली गेली, तर प्रत्येक भोक 200 रुपयांना पडते, आणि त्यात चुकीच्या जागी पडलेली तीनही धरलेली आहेत. चोवीस बिऱ्हाडांच्या सोसायटीला एक ड्रिल पुरून उरेल, हे कोणालाही कळते; परंतु शेजारी ते देताना बिटे मोजून देतो, परत घेताना पुन्हा मोजतो आणि पुढे वर्षभर जिन्यात त्याची आठवण काढतो, म्हणून चोवीस ड्रिल घेणेच सलोख्याच्या दृष्टीने स्वस्त पडते. सोऱ्याच्या बाबतीत तर भागाकाराचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण चकल्या विकत आणल्या तरी घरात सोऱ्या नाही असे म्हणवत नाही.

पायरी 4 : माळा आणि निचरा

वस्तू वापरातून गेल्यावर तिला मूळ खोक्यात, थर्माकोलसह, माळ्यावर ठेवावे आणि खोक्यावर काहीही लिहू नये, म्हणजे गरज पडताच ती न सापडून दुसरी घेणे क्रमप्राप्त ठरते. माळा पुरता भरला की भंगारवाल्यास बोलवावे. या संपूर्ण पद्धतीत सर्व किरकोळ साहित्य एकत्र येऊन त्याची बेरीज होण्याचा हा एकमेव प्रसंग असतो, आणि ती बेरीज रुपयांत न होता किलोत होत असल्याने कोणालाही धक्का बसत नाही. काट्यात मारलेल्या अर्ध्या किलोवरून मात्र कसून घासाघीस करावी, कारण घराच्या काटकसरीची साक्ष तेवढ्यावरच पटते. हाती आलेले दीडशे रुपये, सामान ज्याने खाली उतरवले त्याचे मानले जातात. त्यांत पदरचे साडेचारशे घालून त्याने नवे पुसणे व बादलीचा संच आणावा, आणि तो भंगाराच्या पैशांतून आला असल्यामुळे कोणत्याच वहीत लिहू नये.