हात कोरडे आहेत का?

हा गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणारच. साठी उलटलेली, घरात कपाटांपेक्षा ट्रंका जास्त, आणि आल्यागेल्याचं स्वागत ‘या, बसा’ऐवजी ‘हात कोरडे आहेत का?’ या प्रश्नानं. दुसऱ्या गावी हा प्रश्न खपून जाईल. पण कोकणातल्या महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जूनमध्ये दोरीवर टाकलेला टॉवेल गणपतीपर्यंत दमटच राहतो. तिथे असं विचारणं म्हणजे ‘आल्या पावली परत जा’ म्हणणंच. लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्याला तो हेच विचारतो, रक्तदाब बघायला आलेल्या डॉक्टरला हेच, आणि मीटर बघायला आलेल्या वायरमनलाही हेच. वायरमनला बिचाऱ्याला आपल्या जिवाची काळजी केल्यासारखं वाटून भरून येतं. एवढं जपायचं असतं काय? इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक: वेताळ, मॅण्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, बहादूर. लोक याला संग्राहक म्हणतात. माझं म्हणणं असं, की तो संग्राहक नाहीच. तो गोष्ट अर्धवट राहिलेला वाचक आहे, आणि त्याचं हे अर्धवटपण त्याच्या स्वभावातून नव्हे, तर गावाच्या भूगोलातून आलेलं आहे.

पुरावा बघा. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेनं मार्च 1964मध्ये इंद्रजाल सुरू केलं. ते आधी मासिक होतं, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक झालं आणि 1990मध्ये बंद पडलं. मुंबईच्या पोराला अंक स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर मिळे. महाडला स्टेशनच नव्हतं. कोकण रेल्वे 1993 साली शेजारच्या वीरपर्यंत पोचली, तेव्हा इंद्रजालातल्या वेताळाला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. म्हणजे अंक येणार एसटीनं, नाहीतर शिमग्या-गणपतीला आलेल्या चाकरमान्याच्या पिशवीतून. तोही रद्दीच्या दुकानातून उचललेला आणि बहुधा शेवटचं पान नसलेला. त्यातून साप्ताहिकाच्या काळात एकेक गोष्ट दोन-तीन अंकांत तोडलेली असे. वाटेत दरड आली, रस्ता बंद झाला, की मधला अंक कायमचा गेला. मुंबईत वेताळाची डायना आठवड्याभरात सुटायची. पोलादपुरात ती चाळीस वर्षं चाच्यांच्या गलबतावर हातपाय बांधून बसलेली आहे. अशा माणसानं पुढे पेन्शनीतून जुने अंक शोधत फिरावं, याला छंद म्हणायचं की थकबाकीची वसुली?

यावर व्यवहारी माणसं म्हणतात, ‘अहो, जुन्या अंकांना आता हजारांत भाव येतो, ही गुंतवणूक आहे.’ गुंतवणूक करणारा कोराकरकरीत अंक घेतो. हा मात्र मुखपृष्ठावर पेन्सिलीनं ‘इयत्ता 6 वी, तुकडी ब’ लिहिलेला अंक दिसला की जास्त पैसे मोजतो. तुकडी ब मधल्या त्या अनोळखी पोराला शेवटचं पान मिळालं होतं का, हा त्याचा खरा प्रश्न असतो. दुसरा आक्षेप तरुणांचा: हे सगळं आता मोबाइलवर दिसतं, मग ट्रंका कशाला? मोबाइलवर त्यानं बघितलं आहे. डायना सुटते, चाचे पकडले जातात, तीन चौकटींत सगळं आटोपतं. त्यावर त्याचा निकाल असा, की ‘हे शेवटचं पान चुकीचं आहे.’ तर्काला हे पटत नाही. पण चार दशकं मनात एक शेवट घासूनपुसून ठेवलेल्या माणसाला मूळ लेखकही परकाच वाटणार. मोबाइल परत करताना मात्र त्यानं सवयीनं विचारलंच, ‘हात कोरडे आहेत का?’

तिसरा आक्षेप विद्वानांचा: चड्डीवाल्या परदेशी नायकाचं हे पोरकट वेड कोकणात रुजलंच कसं? ते उपरं वाटलंच नाही, म्हणून. ली फॉकचा ‘फँटम’ अवतरला 1936 साली, म्हणजे सुपरमॅनच्याही दोन वर्षं आधी. पण रात्री राखणीला हिंडणारा वेताळ कोकणाला त्याआधीपासून ठाऊक होता. आरवलीच्या वेतोबाला तर हिंडून झिजतात म्हणून भल्यामोठ्या चपला वाहतात. भाषांतरकारानं फँटमला वेताळ म्हटलं आणि अर्धं काम तिथेच झालं. शिवाय या नायकाला ना उडता येतं, ना त्याच्या डोळ्यांतून किरण निघतात. त्याचं अमरत्व ही निव्वळ घरगुती व्यवस्था आहे: 1536 सालापासून बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि जगाला वाटतं, तोच जिवंत आहे. अशा एकवीस पिढ्या. आमच्या गृहस्थाची गाडी दुसऱ्याच पिढीला अडली. मुलगा कळंबोलीच्या पुढे, मुंबईला गेला, फ्लॅट छोटा, ट्रंका ठेवायच्या कुठे?

आणि ट्रंका तरी किती टिकणार? कडुलिंबाचा पाला, वेखंड, डांबराच्या गोळ्या यांनी कसर आवरते. सावित्री नदी आवरत नाही. 2005च्या जुलैत ती आली आणि 2021च्या जुलैत पुन्हा आली. पंचनाम्यात फ्रिज, टीव्ही, तांदूळ यांची नोंद झाली. वेताळाला सरकारी कागदात रकाना नाही. चिखलात भिजलेले अंक वाळले की त्यांची वीट होते, पान पानाला सोडत नाही. पोटमाळ्यावरचे तेवढे वाचतात. हात कोरडे आहेत का, असं विचारणाऱ्याला हसताना एवढं ध्यानात ठेवलेलं बरं: या गावात तो प्रश्न माणसांना नसतोच, नदीला असतो.

तरीही त्याला संग्राहकच म्हणायचं असेल, तर शेवटचा पुरावा गणपतीच्या सुट्टीत बघा. मुंबईहून आलेली नात पागोळ्यांखालून धावत आत येते, पुसल्यासारखं करून हात फ्रॉकला लावते, पोटमाळ्यावरून उतरवलेल्या ट्रंकेतला अंक उचलते आणि पान उलटायला बोट चक्क जिभेला लावते. खरा संग्राहक इथे कोसळला असता. हा खिडकीतून पावसाकडे बघत राहतो, एक अक्षर बोलत नाही. दहा मिनिटांनी मागून आवाज येतो, ‘आजोबा, शेवटचं पान कुठंय?’ तेव्हा तो वळतो, तिच्या शेजारी मांडी घालून बसतो, घसा साफ करतो आणि बरोबर असलेलं शेवटचं पान सांगायला लागतो.