अण्णा गाडीखाली आहेत

गाणगापुरात दुपारी बारानंतर समोर आलेल्या कुणालाही हाकलायची सोय नाही. श्रीशैलाकडे निघताना दत्तावतारी नृसिंह सरस्वतींनी भक्तांना शब्द दिला, की रोज माध्यान्ही भिक्षेला मी इथंच असेन. कुठल्या वेषात, ते मात्र सांगितलं नाही. तेव्हापासून इथं येणारा माणूस, मग तो भोसरीचा कारखानदार असो नाहीतर लातूरचा वकील, खांद्याला झोळी अडकवून पाच ठिकाणी माधुकरी मागतो, आणि दुसऱ्याच्या झोळीत भाकरीचा तुकडा टाकताना त्याचा चेहरा जरा निरखून बघतो. न जाणो.

या 'न जाणो'चा पुरेपूर फायदा गावात दोघेच घेतात. एक कुत्री, दत्ताच्या पायाशी चार उभी असल्यामुळे त्यांना हाड म्हणायची कुणाची छाती नाही. आणि दुसरे अण्णा.

बरोबर बाराला अण्णा वाहनतळावर उगवतात. अंगात पांढरा सदरा, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, खांद्यावर टॉवेल, एका खिशात बॅटरी आणि दुसऱ्या खिशात अर्ध्या पौंडाची हातोडी. उमेदीच्या काळात लॉरी चालवली, नंतर बसून खायला मुलगा कमावता झाला. गॅरेज त्यांनी कधी काढलं नाही. गॅरेज काढलं की मताचे पैसे घ्यावे लागतात, आणि पैसे घेतले की मत जपून द्यावं लागतं. अण्णांना जपून मत देणं मुळीच जमत नाही. त्यांचं पाळण्यातलं नाव कुणाला ठाऊक नाही आणि त्याची गरजही नाही. असा एक अण्णा अक्कलकोटच्या वाहनतळावर सापडेल, दुसरा तुळजापूरला. फक्त तिथं त्यांना हाकलता येतं.

पूर्वी अण्णांचा धंदा सोपा होता. सोलापूरकडून क्रूझर यायच्या, कलबुर्गीकडून टमटम, अधूनमधून एखादी बोलेरो. पाटा तुटलाय, टायर एका बाजूनं खाल्लाय, एवढं सांगितलं की काम झालं. पण 2016 मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आली, 2020 मध्ये महिंद्रानं नवी थार काढली, 2022 मध्ये टोयोटाची हायलक्स उतरली, आणि पुण्या-पिंपरीकडच्या पोरांना एक नवंच वेड लागलं. गाडी घ्यायची, कंपनीनं दिलेली उंची कमी वाटते म्हणून वेगळं लिफ्ट किट बसवून ती दोन-तीन इंच वर उचलायची, गावठाणातल्या विहिरीएवढाले टायर घालायचे, आणि मग चाकाखाली लिंबू ठेवून पूजेला गाणगापूरला आणायची. अण्णांच्या म्हातारपणाला असा बहर आला.

एका गुरुवारची गोष्ट. पिंपरीकडची, एमएच 14 ची काळी पिकअप आली. बंपर लोखंडी, टपावर दिव्यांची माळ. दोन भाऊ पुढून उतरले. मागचं दार उघडलं, तेव्हा आत आत्या आणि आजी होत्या. आत्या उडी मारून उतरल्या. आजींना दोन्ही नातवांनी काखेत हात घालून उचललं आणि जमिनीवर ठेवलं. अण्णा लांबून सगळं बघत होते. जवळ आले.

"किती इंच उचलली रे तम्मा?"

"तीन इंच, काका."

"कुणी मोजलं?"

"गॅरेजवाल्यानं."

"त्यानं बिल मोजलं. आजी कशा चढत्यात?"

"आजीला आम्ही उचलतो की."

"मग किट आजीला बसवायचं होतं."

थोरला भाऊ तोंड उघडणार होता. पण आत्यांनी डोळ्यांनी दटावलं. साडेबारा झाले होते. न जाणो.

अण्णांची परीक्षा जमिनीपासून सुरू होत नाही. नवशिका जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप लावतो; त्यात टायरची हवाही मोजली जाते. अण्णा सदऱ्यातून गाठी मारलेली सुतळी काढतात आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत धरतात. आधी डावीकडे, मग उजवीकडे. दोन्हीकडच्या गाठी जुळल्या नाहीत तर ते काही बोलत नाहीत, नुसता 'हं' करतात. तो 'हं' फार वाईट असतो. त्या दिवशी एका बाजूला बोटभर फरक निघाला आणि धाकट्या भावानं न विचारताच सांगितलं, की डिझेलची टाकी त्या बाजूला आहे. "टाकी काय आज बसवली काय?" अण्णा म्हणाले आणि खाली गेले.

निर्गुण मठात पादुकांचं दर्शन चांदीनं मढवलेल्या एवढ्याशा झरोक्यातून घ्यावं लागतं. अण्णांचं दर्शन चाक आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीतून. बाहेर फक्त दोन पाय राहतात. बाकी सगळा आवाज.

आधी हातोडीचा. मागच्या कमानीचा एकेक पाटा ते टोकापासून ठोकत येतात. धड पाटा खणखणतो. चीर गेलेला पाटा बद्द बोलतो, मग वरून कितीही काळा चकचकीत रंग दिलेला असो. रंगावर अण्णांचा दात आहे. "रंग कशाला देत्यात? झाकायला." हे सरसकट खरं नाही, गंज रोखायलाही देतात, पण अण्णांना कोण सांगणार?

मग यू-बोल्ट. अख्खी कमान ॲक्सलला धरून ठेवतात ते हे चार वाकवलेले बोल्ट. ते एकदा कसताना ताणले गेले की सोडून पुन्हा वापरायचे नसतात. किटबरोबर नवे आले पाहिजेत, लांबीनं पुरेसे, आणि नटाच्या बाहेर दोन-तीन आटे दिसले पाहिजेत. स्वस्त किटवाला इथंच पैसे वाचवतो, जुनेच परत आवळून देतो. अण्णांनी बॅटरी मारली. "नट आट्याच्या टोकाला लटकलाय रे. पुण्याहून हितपर्यंत किती किलोमीटर झालं?"

"तीनशेच्या वर."

"आन् बसवून?"

"पंधरा दिवस."

"परत कोण आवळलं?"

कुणीच आवळलं नव्हतं. नवी कमान पहिल्या काही शे किलोमीटरांत बसते आणि यू-बोल्ट ढिले पडतात, म्हणून पुन्हा पाना लावावा लागतो. भावांनी तीन महिने रोज रात्री व्हिडिओ बघितले होते. त्यांत गाड्या नदीतून जात होत्या, डोंगर चढत होत्या, संथ गतीनं चिखल उडवत होत्या. पाना लावतानाचा व्हिडिओ कुणी बघत नाही.

ॲक्सल आणि कमान यांच्यामध्ये उंची वाढवायला लोखंडी ठोकळा घातला होता. एक असता तर अण्णांनी सोडून दिलं असतं. एकावर एक दोन होते. "हे काय, लगोरी?" खालून प्रश्न आला. जमलेल्यांत हशा पिकला. एव्हाना चहावाला, दोन पेढेवाले, नारळवाली मावशी आणि सोवळ्यातले एक पारायणवाले गृहस्थ जमले होते. गुरुचरित्राचा सप्ताह चालू होता, पण हेही सोडवत नव्हतं.

पुढच्या बाजूला तर स्प्रिंग बदललीच नव्हती. जुन्याच स्प्रिंगच्या डोक्यावर प्लास्टिकची जाड चकती ठेवली होती. त्याला स्पेसर म्हणतात. चकतीनं गाडी उभी राहते उंच, पण शॉकअप तोच, त्याची लांबी तीच. चाक खड्ड्यात उतरलं की शॉकअप लवकर संपतो आणि 'टक्' असा आवाज येतो. अण्णांनी धाकट्याला बंपरवर उभं करून नाचायला लावलं. पारायणवाले गृहस्थ कान देऊन ऐकत होते. चौथ्या उडीला टक् झालं आणि त्यांच्या तोंडून "आला!" निघालं. गाणगापुरात महामंगलारतीला घुमणाऱ्यांना बघायची लोकांना सवय आहे, पण घुमणारी पिकअप त्यांनीही पहिल्यांदाच बघितली असावी.

अण्णांचा खरा जीव मात्र एका काडीएवढ्या दांड्यात. पुष्कळ पिकअपना मागच्या ॲक्सलपासून चासीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत हा दांडा जातो. गाडी लोडानं खाली बसली की दांडा वर जातो आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर मिळतो. रिकामी असली की कमी, नाहीतर हलकं बूड ब्रेक मारताच घसरेल. गाडी तीन इंच उचलली आणि दांडा तसाच ठेवला, तर त्याची समजूत होते की गाडी कायमची रिकामी. किट बसवणाऱ्या दहांतल्या कितीजणांना हा दांडा दिसतो, याबद्दल अण्णांचं मत छापण्यासारखं नाही.

"आत किती माणसं हायत?"

"चार, काका. आणि सामान."

"आजी, आत्या, पाच नारळ, पेढ्याचे डबे. आन् दांडा म्हणतोय गाडी मोकळी. ब्रेक कुणाचं ऐकणार, तुझं का दांड्याचं?"

इथं पहिल्यांदा दोघा भावांचे चेहरे खरोखर उतरले. थोरल्यानं शेवटचं शस्त्र काढलं. किट परदेशी आहे, ऑस्ट्रेलियाचं, पेटी अजून घरी आहे. ऑस्ट्रेलियात हा धंदा जुना आहे आणि तिथं ओल्ड मॅन इमूसारखी नावाजलेली किटंही बनतात, यात वाद नाही. पण अण्णा पेटी वाचत नाहीत, बोल्टाचं डोकं वाचतात. चांगल्या बोल्टाच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा कोरलेला असतो, तो त्याच्या ताकदीचा दाखला. यातली निम्मी डोकी कोरी होती. "पेटी ऑस्ट्रेलियाची असंल," अण्णा म्हणाले, "बोल्ट बेवारस हायत."

"पण काका, पावसात, चिखलात उपयोग होतो ना," धाकटा म्हणाला. "पुरातून गाडी काढता येते."

तेव्हा अण्णा बाहेर आले. भीमेच्या काठच्या माणसापुढं पुराची भाषा करू नये. 2020 च्या ऑक्टोबरात या नदीनं अफझलपूरपासून खालची गावं पाण्यात घातली होती. "भीमा इंचात चढत नाही, तम्मा," ते टॉवेलनं हात पुसत म्हणाले. "आन् पाणी इंजिनात कुठनं शिरतंय? हवा वढायच्या तोंडातनं. ते तोंड कुठंय ते तरी बघितलास का?" भावांनी बघितलं नव्हतं. मग अण्णांनी त्यांना मागं नेलं, खाली वाकवलं आणि दोन चाकांच्या मध्ये लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा दाखवला. "जमिनीपासनं ह्यो किती वर गेला?"

दोघे बघत राहिले. गोळा ॲक्सलवर, ॲक्सल चाकावर. लिफ्ट किट ॲक्सलच्या वरचं सगळं उचलतं. गोळा वर जातो तो फक्त मोठ्या टायरनं, तेही टायरची उंची जेवढी वाढेल तिच्या निम्म्यानं.

"लाखभर घातलास," अण्णा म्हणाले, "आन् दगड लागायचा तिथंच लागणार. नोड्री, बघा."

कायद्याचं कलम ते सगळ्यात शेवटी काढतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52; कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला दर बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अण्णा बोटांवर मोजत गेले. "टायर एक, किट दोन, बंपर तीन, दिवे चार. वीस हजार. पावती कन्नडमदी मिळंल."

अण्णांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असतं, हाच त्यांचा मोठा दोष. चुकीच्या माणसाला सोडून देता येतं. बरोबर असून पुन्हा फुकट सांगणारा माणूस कुणाला सहन होत नाही. त्यात त्यांना कुणाचं चांगलं म्हणायची सवय नाही. एकदा कोल्हापूरकडचा एक शेतकरी आला होता. दोनच इंच उचललेली गाडी. चारी बाजूंना पूर्ण नवी कमान आणि स्प्रिंग, त्याला जुळणारे लांब शॉकअप, ॲक्सलचा कोन सावरायला पाचर, ब्रेकचे पाइप वाढवलेले, दांडा हलवलेला, रबरी बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून मगच आवळलेले, डिकीत अलाइनमेंटचा कागद. अण्णा अर्धा तास खाली होते. शेवटी अंग झटकत बाहेर आले आणि म्हणाले, "हॉर्न बरा नाही."

पिंपरीच्या भावांनी मात्र मुकाट्यानं ऐकलं. अण्णांनी स्वतःच चहावाल्याकडून पाना आणवून यू-बोल्ट आवळून दिले, परत जाताना साठच्या वर पळवू नका म्हणून बजावलं, आणि पैसे पुढं केल्यावर हात मागं घेतला. आत्या वाकून पाया पडल्या. आजींनी मात्र चेहऱ्याकडे नीट बघून विचारलं, "तुमची गाडी कोणती हो?"

अण्णांची गाडी वडाखाली उभी होती. जुनी बोलेरो पिकअप; कागदावर 1.7 टन, पण हंगामात कलबुर्गीच्या अडतीला तुरीची पोती घेऊन निघते तेव्हा तिच्यावर किती असतं हे फक्त वजनकाट्याला माहीत. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 मध्ये जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून अण्णांना पोती हलकी वाटायला लागली आहेत. थोरला भाऊ जाऊन खाली वाकला. एकाखाली एक पाटे, काही महिंद्राचे, काही लॉरीचे कापून घातलेले, एका ठिकाणी चक्क सागाची फळी.

"अण्णा, किती पाटे आहेत हो हे?"

"कंपनीचे मोजलेत," अण्णा म्हणाले. "बाकीचे श्रद्धेचे."

"आणि कलम 52?"

"ते उंचीला लागतंय. आमची गाडी लोडावर खालीच बसती की."

लोड नसताना ती काय करते, हे त्यांनी सांगितलं नाही. ते चहावाल्यानं सांगितलं. रिकामी असली की ती गाडी गतिरोधकावरून चारी चाकांवर उडते, म्हणून अण्णांची बायको संगमावर जायचं असलं तरी आधी मागं दोन पोती टाकायला लावते आणि मगच पुढं बसते. गेल्या अमावास्येला पोती मिळाली नाहीत, तेव्हा तिनं अण्णांनाच मागं बसवलं आणि गाडी मुलाला चालवायला सांगितली.